ताप नव्हता, तारीख होती

बावीस वर्षं झाली, वर्ध्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापनेच्या टेबलावर बसतो. रजेचा प्रत्येक अर्ज माझ्या हाताखालून जातो. कारणाच्या जागी काय लिहिलेलं असेल ते अर्ज न उलगडता सांगू शकतो. ताप. त्याखालोखाल अंगदुखी, मग पोट बिघडलं. मे महिन्यात ‘ऊन लागल्यामुळे’.

यातल्या पुष्कळांना ताप आलेला नसतो. त्यांना दवाखान्याची तारीख असते. शुगर तपासायची असते, बीपीची गोळी बदलून घ्यायची असते, डोळ्यांत औषध घालून मागचा पडदा दाखवायचा असतो. माणूस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जातो, रांगेत चार तास उभा राहतो, आणि अर्ज लिहिताना मात्र स्वतःला घरी खाटेवर झोपवतो. आपल्याकडं रजा खाटेवरच्या माणसाला मिळते, हे त्याला ठाऊक असतं.

मला याचा राग येतो. खोटं लिहिणाऱ्याचा नाही, त्याला खोटं लिहायला लावणाऱ्या रकान्याचा.

आमच्या कार्यालयात एक ताई शिपाई आहेत. दिवाळीच्या आसपास त्यांना छातीत गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून आधी त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग पोरीनं आग्रह केला, दाखवलं, आणि मोठ्या दवाखान्यातून पुढच्या तपासणीसाठी मंगळवारची तारीख मिळाली. त्या विभागाची ओपीडी आठवड्यातून दोनच दिवस, दोन्ही कामाचे. त्या माझ्या टेबलाशी आल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, “भाऊ, माझ्या सीएल किती उरल्या, पाहा ना.”

मी रजिस्टर उघडलं. आठपैकी आठ किरकोळ रजा संपलेल्या. जूनमध्ये पोरीच्या ॲडमिशनला दोन, सासऱ्यांच्या दिवसांना तीन, पावसाळ्यात खरोखरीचा ताप आला त्यात तीन. मी म्हटलं, ताई, ईएल टाका. त्या अर्ज घेऊन आत गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं म्हणणं असं की एका दिवसासाठी अर्जित रजा कशाला मोडता, ती पुढं कामाला येते. आजारी असाल तर सर्टिफिकेट आणा आणि मेडिकल टाका. आता सर्टिफिकेट कशाचं आणायचं? डॉक्टरांनी अजून काही सांगितलेलंच नव्हतं. ते सांगावं म्हणून तर तारीख होती. शिवाय मेडिकल टाकायची म्हणजे आधी ‘कामास असमर्थ’ असा दाखला, आणि परत येताना ‘कामास समर्थ’ असा दुसरा. ताई तर असमर्थ नव्हत्याच. त्या दिवशी सकाळीही त्यांनी तीन मजल्यांवर पाण्याचे जग पोचवले होते.

“जाऊ द्या भाऊ,” त्या म्हणाल्या, “जानेवारीत नवीन आठ येतेत.”

मी मान हलवली. ती हललेली मान मला अजून आठवते.

1 जानेवारीला आठ सीएल आल्या. दुसऱ्या आठवड्यात गाठीचा तुकडा तपासायला गेला. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, पुढं किमो. आणि ऑपरेशनच्या दिवसापासून आमच्या रजानियमांनी ताईंना काहीही कमी पडू दिलं नाही. परिवर्तित रजा मंजूर झाली, ती संपल्यावर अर्जित मंजूर झाली. एकही टिपणी त्रुटी काढून परत आली नाही. सहीला एक दिवससुद्धा लागला नाही. जो नियम नोव्हेंबरात चार तास देऊ शकला नाही, त्यानं फेब्रुवारीपासून महिने दिले. मधल्या दहा आठवड्यांनी काय बिघडवलं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, ताईंनी विचारलं नाही.

आता नियम बघू. वाचकांपैकी ज्यांना वाटतं की सरकारी नोकरांना रजाच रजा, त्यांनी हा हिशोब मांडून पाहावा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 चे. आजारपणासाठी म्हणून जी मुख्य रजा आहे ती अर्धवेतनी, वर्षाला 20 दिवस. पूर्ण पगार हवा तर ती परिवर्तित करून घ्यायची, मग एका दिवसाला दोन दिवस खात्यातून वजा. म्हणजे 20 चे 10. त्यालाही वैद्यकीय दाखला. अर्जित रजा वर्षाला 30 दिवस. पण ती साठवली तर निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंतचा पगार हातात येतो, म्हणून शिपायापासून साहेबापर्यंत जो तो ती पोरीच्या लग्नासारखी राखून ठेवतो. उरते किरकोळ रजा, आठ दिवस. तिच्यातच लग्नं, मयती, शाळेतली पालकसभा, बँकेतलं केवायसी, आणि तिच्यातच हृदय, मूत्रपिंड, डोळे, दात.

2020 च्या फेब्रुवारीअखेर पाच दिवसांचा आठवडा झाला. शनिवार मोकळा मिळाला, हे खरं आहे आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण त्या बदल्यात कार्यालय सकाळी 9.45 ते संध्याकाळी 6.15 झालं. आता माझंच घ्या. सहा वर्षांपासून शुगर आहे. तपासणीला दोनदा रक्त द्यावं लागतं, एकदा उपाशीपोटी, एकदा खाल्ल्यानंतर दोन तासांनी. लॅब आठला उघडते. पहिली सुई सव्वाआठला. घरी येऊन दोन पोळ्या खायला पावणेनऊ. दुसरी सुई पावणेअकराला. मधल्या दोन तासांत काहीही करा, 9.45 चा अंगठा चुकतोच. अंगठा चुकला की लेटमार्क, आणि लेटमार्क जमले की सीएल कापली. त्यामुळं मी काय करायचो? उपाशीपोटीचं रक्त द्यायचो आणि दुसरं टाळायचो. डॉक्टर अर्ध्या रिपोर्टवर गोळी ठरवायचे. दोन वर्षं असं चाललं. नंतर एका दिवशी पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा अर्ज लिहिला. कारण: ताप.

तरी मी सरकारी आहे. माझं गाऱ्हाणं इथं संपवतो, कारण बाकीच्यांचं ऐकलं की आपलं बोलायला तोंड राहत नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन ओपीडीत बसलो होतो. चिठ्ठीची खिडकी आठला उघडली, डॉक्टर दहाला बसले, बाराला आमचा नंबर जवळ आला. शेजारी चाळिशीचा एक माणूस, अंगावर कापसाचे धागे चिकटलेला शर्ट. जिनिंगमध्ये गाठी उचलायच्या कामावर होता. सहा महिन्यांपूर्वी बीपी वाढून डावी बाजू लुळी पडली होती, बरा झाला, पुन्हा कामाला लागला, आणि आता दाखवायला आला होता. त्याचा फोन वाजला. तो उठून भिंतीकडं तोंड करून बोलला: “हो जी ठेकेदार, गावीच आहो. मामा वारला ना. उद्या येतो, पक्का.”

परत येऊन बसला. माझ्याकडं न पाहताच म्हणाला, “खरं सांगतलं त म्हणते, तू त चांगला दिसून राहिला, मंग दवाखाना काहून?”

मी विचारलं, मग रोजी? “रोजी त पडलीच नं. पण मयतीले गेलो म्हटलं त कामावरून काढत नाई.” मागच्या वेळी मावशीचं नाव घेतलं होतं, तेही त्यानं सांगितलं. मावशी सेलूला धडधाकट आहे. तिचं नाव घेताना त्याचा हात नकळत कपाळाकडं गेला, जसं आपण अभद्र बोललो की जातो.

‘तू त चांगला दिसून राहिला.’ आपल्या देशातलं रजेचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे, आणि ते सुशिक्षित कार्यालयांतही हेच आहे. फक्त तिथं ते शुद्ध मराठीत टाइप होऊन येतं.

जो दुकानात, मॉलमध्ये, खासगी कचेरीत काम करतो त्याच्यासाठी 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा, तीही एकदम नाही, तिमाहीच्या हिशोबानं दोन-दोन. वर्ष संपलं की उरलेली गेली. वीस दिवस कामाला एक दिवस अर्जित. आजारपणाची म्हणून वेगळी रजा त्या कायद्यात नाहीच. आणि छोट्या दुकानाला कायद्याची ही कलमं लागू होत नाहीत. वर्ध्याच्या बाजारात कापडाच्या, किराण्याच्या, मोबाइलच्या दुकानांत दोन-चार पोरं-पोरी उभ्या असतात. त्यांची रजा मालकाच्या स्वभावावर.

कारखान्यातल्या कामगाराला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ही योजना लागू. कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के, मालकाकडून 3.25 टक्के. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूचा माणूस आहे. आजारी पडलात तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम मिळते. टीबी, कॅन्सरसारख्या लांबलचक आजारांना त्याहून जास्त दिवस, 80 टक्क्यांनी. आजारपणाचा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही.

आता याच्यात बारीक अक्षरात काय आहे ते पाहा. लाभ मिळायला डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं की हा माणूस काम करू शकत नाही. आणि नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस रिकामे जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. फसवेगिरी नको म्हणून ते ठेवले असतील. पण बीपीची गोळी घ्यायला माणूस किती दिवस जातो? एक. तोही अर्धा. म्हणजे तो कायम त्या रिकाम्या दोन दिवसांतच अडकलेला. दर महिन्याला नियमानं दाखवणाऱ्या कामगाराचा वर्षाला बारा दिवसांचा खाडा. न दाखवणाऱ्याला खाडा नाही, आणि एक दिवस लकवा मारला की 91 दिवस. ज्या माणसानं स्वतःला सांभाळलं त्याच्या खिशातून गेलं.

खाडा. हा शब्द मुद्दाम वापरतो. ‘अनुपस्थिती’ म्हटलं की ते कागदावरचं काहीतरी वाटतं. खाडा म्हटलं की शनिवारच्या हिशोबात एक रोजी कमी दिसते आणि त्या आठवड्याचं तेल अर्धा किलो येतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षातून एकदा मालकानं मोफत आरोग्य तपासणी करून द्यायची असं आहे. मनापासून स्वागत. कारखान्याच्या आवारात गाडी येईल, पट्टा दंडाला बांधला जाईल, बोटातून रक्ताचा थेंब घेतला जाईल. आणि कागदावर येईल: बीपी 170, शुगर 260, पुढील सल्ल्यासाठी तज्ज्ञांना भेटावे. बरं. भेटावे कधी? पहिल्या शिफ्टला सकाळी सातला गेट, तिसऱ्याला रात्रभर काम आणि सकाळी ओपीडीच्या रांगेत डुलक्या. वर्षातून एकदा आजार शोधून काढायचा आणि उरलेले 364 दिवस त्याच्यावर इलाजाला जायला वाट ठेवायची नाही, तर त्या तपासणीचा कागद कामगारानं घरात कुठं लावायचा?

आणि ज्यांचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही त्या? नोव्हेंबर ते जानेवारी आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते. ज्या दिवशी वेचलं नाही त्या दिवशी शून्य. अंगावरून जाणं, अशक्तपणा, गर्भपिशवीची तक्रार, सगळं ‘कापूस झाल्यावर’ दाखवायचं असतं. कापूस झाला की तूर, तूर झाली की चणा. गरोदर बाईला दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी मिळते, 2016 पासूनचं हे अभियान आहे. 9 तारीख वेचणीत आली तर? आशाताई घरी येऊन ओढून नेते. आणि त्या आशाताईला स्वतःला दाखवायला जायचं असेल त्या दिवशी? तिचा बराचसा मोबदला कामामागं. दुसऱ्या बाईला दवाखान्यात नेलं तर पैसे, स्वतः गेली तर नाही.

एक गोष्ट इथं स्पष्ट केली पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाला वाटेल की विदर्भातला मागास जिल्हा, डॉक्टरच नसतील. तसं नाही. 2011 च्या जनगणनेत 13 लाख माणसांचा हा जिल्हा, आणि वर्धा शहराच्या एका अंगाला सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, दुसऱ्या अंगाला सावंगी मेघेचं. शिवाय जिल्हा सामान्य रुग्णालय. यवतमाळ, चंद्रपूर, पार तेलंगणातून लोक गाड्या करून इथं येतात. डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, औषधं बऱ्यापैकी आहेत. आर्वीच्या, आष्टीच्या, कारंजा घाडगेच्या माणसाला नाही तो फक्त मंगळवार. त्याची पहिली एसटी, चिठ्ठी, रांग, रक्त, रिपोर्टची वाट, पुन्हा डॉक्टर, औषधाची खिडकी, परतीची एसटी, यात एक तपासणी म्हणजे अख्खा दिवस, आणि कधी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला तर दोन.

सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी गावागावांत आरोग्य विम्याची जी योजना उभी केली तिची मला या संदर्भात फार आठवण येते. गावकऱ्यांनी वर्गणी रोखीत द्यायची नाही, ज्वारीत द्यायची. सुगी झाल्यावर, घरात धान्य असताना, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. त्या बदल्यात कस्तुरबा रुग्णालयात उपचार. वर्गणीइतकाच मोलाचा मला त्यातला विचार वाटतो: शेतकऱ्याच्या हातात काय असतं आणि कधी असतं, ते दवाखान्यानं ओळखायचं. दवाखान्याच्या कॅलेंडरप्रमाणे शेतकऱ्यानं धावायचं नाही. एका खेड्यातल्या दवाखान्याला हे सुचलं होतं. रजेचे नियम लिहिणाऱ्यांना सुचू नये?

सिकलसेलचंच बघा. पूर्व विदर्भात हा आजार घराघरांतला. सिकलसेलच्या माणसाला दुखण्याचा झटका येतो तेव्हा तो लोळतो, भरती होतो, तेव्हा रजा मिळते. पण झटका येऊ नये म्हणून हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यावी लागते आणि ती चालू असताना ठरावीक काळानं रक्तपेशी मोजून घ्याव्या लागतात. ते मोजायला रजा नाही. झटका आल्यावर आहे. किंवा डायलिसिस. आठवड्याला तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास. वर्षाचे 156 दिवस. आमच्या सरकारी खात्यातली वर्षभराची सगळी पूर्ण पगारी रजा एकत्र केली, आठ किरकोळ, तीस अर्जित, दहा परिवर्तित, तर होतात 48. उरलेल्या 108 दिवसांना तो माणूस कुठल्या मामाला मारणार? पण त्याला 156 दिवस नकोच आहेत. त्याला चार तास हवेत. बाकीच्या वेळात तो टेबलावर बसायला तयार आहे, बसू शकतो. आमच्या रजिस्टरमध्ये तासांचा रकानाच नाही.

हे काही नवं मागणं नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1969 मध्ये वैद्यकीय सेवा आणि आजारपणाच्या लाभाबद्दल एक शिफारस केली, 134 क्रमांकाची. तिच्यात सांगितलं आहे की उपचारासाठी किंवा आजार टाळण्याच्या तपासणीसाठी माणूस कामावर गेला नाही आणि त्याची मजुरी बुडाली, तर ती भरून मिळावी. टाळण्याच्या तपासणीसाठी. 1969 मध्ये. त्याच साली आपल्या सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यातलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. महाविद्यालयातून डॉक्टरांच्या किती पिढ्या बाहेर पडल्या. शिफारस अजून आमच्या टेबलापर्यंत पोचायची आहे. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला तपासणीसाठी पगारी वेळ मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. न्यूयॉर्क राज्यात 1 जानेवारी 2025 पासून गरोदरपणातल्या तपासण्यांना वर्षाला 20 तास पगारी मिळतात. तास, लक्षात घ्या. तिथल्या कारकुनाला तास मोजता येतात तर मला का येणार नाहीत? शाळेत बेरीज मीही शिकलो आहे.

यावर एकच आक्षेप नेहमी येतो, आणि तो माझ्या टेबलावरच्याच लोकांकडून येतो: लोक गैरफायदा घेतील. दवाखान्याच्या नावानं सिनेमाला जातील.

बावीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो, उलटं आहे. ताप तपासता येत नाही. मंगळवारी ताप होता की नव्हता हे बुधवारी कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि म्हणूनच सगळे ताप लिहितात. ओपीडीच्या केसपेपरवर तारीख असते, नोंदणी क्रमांक असतो, आता कॉम्प्युटरची चिठ्ठी असली तर वेळही असते. लॅबच्या पावतीवर रक्त कधी घेतलं ते छापलेलं असतं. गैरफायद्याची एवढी भीती असेल तर तपासणीच्या रजेइतकी पुराव्यानिशी दुसरी रजाच नाही. आजार काय आहे ते साहेबाला कळायचीही गरज नाही. कुठल्या विभागात गेली हे न दाखवता बाईला नुसता हजर असल्याचा शिक्का आणता आला पाहिजे. कार्यालयात गाठीची चर्चा चहाच्या टेबलावर होऊ नये.

मला जे हवं आहे ते फार नाही. वर्षाला काही तास, तपासणीच्या नावानं, कोणत्याही रजेतून न कापता. ओपीडीचा शिक्का हाच दाखला. दीर्घ आजार असलेल्याला ते तास जास्त. ईएसआयमध्ये ठरलेल्या तारखेच्या दिवसाला ते दोन रिकामे दिवस लागू नयेत. आणि मोठ्या दवाखान्यांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी बीपी-शुगरची ओपीडी चालवून पाहावी. संध्याकाळी सहानंतर आलेल्या हिंगणघाटच्या माणसाला परतीची गाडी मिळेल का, हे एसटीला विचारून मगच वेळ ठरवावी, नाहीतर तीही सोय कागदावरच राहील.

ताई आता परत कामावर आहेत. केस आले आहेत, बारीक, कुरळे. आधी सरळ होते म्हणतात. जग उचलत नाहीत, डाव्या हाताला सूज येते. आवक-जावकला बसतात. तीन महिन्यांनी एकदा तारीख असते.

मागच्या सोमवारी त्यांनी अर्ज आणला. कारणाच्या जागी, मी शिकवल्याप्रमाणे नव्हे, त्यांच्या मनानं लिहिलं होतं: ‘उद्या दवाखान्यात तपासणीसाठी जायचे आहे. सकाळी 10 ते 1 तीन तास परवानगी मिळावी. 1 नंतर कामावर हजर होते.’ अक्षर गोल, पाटीवर काढल्यासारखं. मी त्यावर टिपणी लिहिली. बावीस वर्षांत मी लिहिलेली सगळ्यात लांब टिपणी असेल. केसपेपरची झेरॉक्स जोडली, मंजुरीस्तव सादर असं लिहून आत पाठवलं.

साडेपाचला फाइल परत आली. शेरा लाल शाईत होता: ‘तासांच्या रजेची तरतूद नाही. अर्धा दिवस किरकोळ टाकावी.’

ताईंनी नवा कागद घेतला. पेन उचललं आणि मला विचारलं, “भाऊ, कारण काय लिहू?”